थोरलीचा ड्रॉइंगचा पेपर: एक प्रकरण

हे प्रकरण मागच्या वर्षीचं. बेळगावात अनगोळच्या पुढं येळ्ळूर रोडला राहणारं कुटुंब, जुळी भावंडं, एक मुलगी एक मुलगा. नावं देत नाही. ती काही मिनिटांनी मोठी म्हणून घरात तिला थोरली आणि त्याला धाकटा म्हणतात, इथंही तेच चालवते. दोघांनी मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, केली, मार्क तिला जास्त त्याला कमी, पण ॲडमिशन दोघांची मेकॅनिकल डिप्लोमालाच घेतली कारण काकांचं उद्यमबागेत जॉबवर्कचं शॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग आणि अलीकडं कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी (कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन), पोरं शिकून तयार झाली की घरचंच काम बघतील हा हिशेब. वडील फाउंड्रीत मोल्डर, धातू ओतायचे वाळूचे साचे करतात. आई घरी ब्लाउज शिवते, शहापूरच्या दुकानांतलं काम तिच्याकडं येतं.

पहिल्या सेमिस्टरला थोरली ड्रॉइंगमध्ये नापास झाली, बाकी सगळे विषय सुटले आणि गणितात तर ती वर्गात पहिल्या काहींत होती. धाकटा ड्रॉइंगमध्ये मस्त मार्कांनी सुटला पण त्याचा कम्युनिकेशनचा पेपर गेला आणि आणखी एक थिअरी गेली. म्हणजे तिचा एक विषय राहिला, त्याचे दोन. तरी घरात मोठी माणसं बसली ती तिच्याबद्दल बोलायला. त्याच्याबद्दल "पोरं अशीच असतात, अभ्यास करतो की पुढच्या वेळेला" एवढ्यावर विषय संपला. तिच्याबद्दल काका म्हणाले की पोरींचं डोकं मशीनच्या कामाला चालत नाही, ह्यात तिची काय चूक नाही, मेंदूच तसा असतोय. वर मोबाईलवर आलेला एक मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला, पुरुषाचा मेंदू मोठा, बाईचा मेंदू बोलण्यासाठी, पुरुषाचा नकाशासाठी वगैरे. आणि ठरलं असं की तिला काढायचं आणि पुढच्या जूनला कमर्शियल प्रॅक्टिसला (ऑफिस कामाचा डिप्लोमा) नाहीतर पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, कॉमर्सला घालायचं.

मी डिप्लोमाच्या पोरांना ड्रॉइंग शिकवते, घरीच क्लास आहे, म्हणून वडील तिला घेऊन माझ्याकडं आले. काकांना कुणी वाईट समजू नका, दोघांची फी तोच माणूस भरतो आणि पोरीचं वाईट व्हावं असं त्याच्या मनातही नाही. आणि वडिलांनी विचारलेला प्रश्न मला फार प्रामाणिक वाटला. "मॅडम, सायन्स काय म्हणतंय तेवढं सांगा, खरोखरच तसं असंल तर पोरीला उगाच कशाला त्रास द्यायचा?" असा प्रश्न कुणी विचारला की "छे छे काही फरक नसतो" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. फरक आहेत. कुठले आहेत, केवढे आहेत आणि ह्या पोरीच्या नापास होण्याशी त्यांचा किती संबंध हे बघायला लागतं, आणि ते बघितलं म्हणून तर हे लिहायला बसले.

मेसेजमध्ये खरं किती

मेंदू मोठा असतो हे खरं आहे. पुरुषांचा मेंदू सरासरी सुमारे १० टक्के मोठा भरतो. २०१८ साली ब्रिटनच्या यूके बायोबँकमधल्या ५,२१६ लोकांच्या स्कॅनवर मोठा अभ्यास झाला, त्यात हा फरक स्पष्ट दिसला. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की दोन्हींचे आकडे एकमेकांवर खूप चढतात, आणि एकूण आकार हिशेबातून बाजूला काढला तर मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतले बरेचसे फरक एकदम बारीक होतात. आणि एवढा १० टक्के फरक असूनही बुद्धीच्या चाचण्यांत पुरुष आणि बायकांची सरासरी जवळजवळ सारखीच येते, त्यामुळं मेंदूच्या साइजवरून ड्रॉइंगच्या मार्कांपर्यंत उडी मारता येत नाही.

तेल अवीव विद्यापीठाच्या दाफ्ना जोएल ह्यांच्या टीमनं २०१५ मध्ये १,४०० च्या वर मेंदूंचे स्कॅन बघितले, तर प्रत्येक भाग "पुरुषी" टोकाला किंवा प्रत्येक भाग "बायकी" टोकाला असलेले मेंदू फारच थोडे निघाले, बहुतेकांत दोन्हींची सरमिसळ. ह्यावर दुसऱ्या संशोधकांनी उत्तर दिलं की सगळे भाग एकत्र घेतले तर कॉम्प्युटर स्कॅन बघून बाई की पुरुष हे बऱ्यापैकी बरोबर ओळखतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, वडिलांना मी दोन्ही सांगितल्या. पण स्कॅनवरून मुलगी आहे हे ओळखणं वेगळं आणि तिला सेक्शनल व्ह्यू (वस्तू मधून कापली तर आतून कशी दिसेल ते चित्र) काढता येईल का हे ओळखणं वेगळं, दुसरं कुठलाही स्कॅन सांगत नाही.

आता जी गोष्ट काकांच्या बाजूची आहे ती. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून बघायची, ह्याला मेंटल रोटेशन म्हणतात, शेपर्ड आणि मेट्झलर ह्या दोघांनी १९७१ मध्ये ठोकळ्यांची चित्रं वापरून हे मोजायला सुरुवात केली. विचार करण्याच्या जेवढ्या म्हणून कौशल्यांत मुलगे आणि मुलींचा फरक मोजलाय त्यात हा सगळ्यात मोठ्यांपैकी एक, अनेक देशांत मिळालेला, काही प्रयोगांत तर तीन ते पाच महिन्यांच्या बाळांतही दिसलेला. आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग म्हणजे निम्मं तेच आहे, फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू बघून वस्तू डोक्यात उभी करायची. त्यामुळं काका हवेत बोलत नव्हते.

पण केवढा फरक? वडिलांना मी असं सांगितलं की रस्त्यावरून कुठलाही एक मुलगा आणि कुठलीही एक मुलगी आणा, अशा शंभर जोड्या करा, आणि ही टेस्ट द्या. साधारण ६५ जोड्यांत मुलगा पुढं असेल आणि ३५ जोड्यांत मुलगी. उंचीचं हेच केलं तर नव्वदच्या वर जोड्यांत मुलगा उंच निघेल. म्हणजे उंचीसारखा हा फरक नाही, बघून सांगता येण्यासारखा नाही. शंभरातल्या ३५ मुलींना आपण आधीच दारातून परत पाठवायचं काय, आणि ही तुमची थोरली त्या ३५ मधली नाही हे बघितलं कुणी? कुणीच बघितलं नव्हतं. मी तिची टेस्ट घेतली.

दोन पेपर

दोघांना बसवलं, तिलाही आणि धाकट्यालाही, ठोकळे फिरवायचा पेपर, घड्याळ लावून. धाकट्यानं सगळा पेपर संपवला, बरेच बरोबर, पण काही चुकले कारण तो भराभर टिक करत सुटला होता. थोरलीचा निम्म्याच्या थोडा पुढं गेला. तिनं जेवढे सोडवले त्यातलं मात्र जवळजवळ काहीच चुकलं नव्हतं. काही दिवसांनी तसलाच दुसरा पेपर दिला आणि घड्याळ काढून ठेवलं, तेव्हा ती त्याच्या अगदी जवळ आली. हे माझ्या घरच्या टेस्टमधलंच नाही, वेळेचं बंधन काढलं की मुलगे आणि मुलींमधला फरक कमी होतो हे बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात दिसलंय, पूर्ण जात नाही पण कमी होतो. ती प्रत्येक ठोकळा दोनदा तपासत होती. विचारलं, "कशाला गं परत परत बघूलालीस?" तर म्हणाली, "चुकलं तर काका म्हणतील बघ."

मग मी दोघांना लहानपणापासून काय काय केलं ते विचारलं, निवांत बसवून. धाकटा पाचवी-सहावीपासून सुट्टीला काकांच्या शॉपमध्ये. आधी नुसती चिप्स, म्हणजे धातूचा कीस, गोळा करायला, मग मापाचा व्हर्निअर धरायला, मग लेथवर जॉब लावून बघायला. गाडीचा कार्ब्युरेटर उघडून परत बसवलेला, मोबाईलवर गेम खेळून खेळून हात बसलेला. पहिल्या सेमिस्टरला त्याच्या समोर मशीनचा जो भाग, बुश किंवा फ्लँज, ड्रॉइंगमध्ये आला तो त्यानं हातात धरलेला होता. थोरलीला शॉपमध्ये कधी नेलंच नाही, तिथं सगळे गडी माणसं, पोरीनं काय करायचं तिथं. ती पहिल्यांदा फ्लँज बघते ती कागदावर, तीही फर्स्ट अँगल ह्या व्ह्यू मांडायच्या पद्धतीत.

पण आईबरोबर ती काय करते हे विचारलं तर आई म्हणाली की नववीपासून कटोरी ब्लाउजचं कटिंग हीच करते, मी नुसती शिलाई मारते. हे ऐकून मी उठलेच जागेवरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कटोरीचे तुकडे सपाट कापडातून कापायचे आणि जोडल्यावर त्याला गोलाई आली पाहिजे, डाव्या बाजूचा तुकडा उजव्या बाजूला उलटा येतो, अस्तर वेगळं उलटतं, बाहीचा पुढचा गळ मागच्यापेक्षा खोल. सेकंड सेमिस्टरला डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस (वस्तूचा पृष्ठभाग सपाट उलगडून काढणं) म्हणून जो चॅप्टर पोरांना जड जातो तो ही पोरगी कात्रीनं रोज करत होती आणि तिच्या घरात ह्याला कुणी डोकं म्हणत नव्हतं, बायकांचं काम म्हणत होते.

ह्या अनुभवाच्या मुद्द्यावर आपल्याच देशातला एक अभ्यास आहे आणि तो मी वडिलांना आवर्जून सांगितला. मेघालयात खासी आणि कार्बी असे दोन समाज शेजारी शेजारी राहतात, शेती सारखी, पाऊस सारखा, पण खासी लोकांत घर आणि जमीन धाकट्या मुलीकडं जाते आणि कार्बींत मुलाकडं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या जवळजवळ १,३०० लोकांना चार तुकड्यांचं घोड्याचं कोडं जुळवायला दिलं. कार्बींत पुरुष बायकांपेक्षा बरेच लवकर जुळवत होते, खासींत पुरुष-बायकांत फरक मिळाला नाही. मुलींना किती शाळा मिळाली ह्याचाही त्यात वाटा होता, साधारण एक तृतीयांश. हा एकच अभ्यास आहे आणि कोडं जुळवणं म्हणजे पूर्ण मेंटल रोटेशन नव्हे, त्यामुळं ह्यावरून जीवशास्त्र काहीच नाही असं मी म्हणत नाही. गर्भात असताना पुरुषी हार्मोन जास्त मिळालेल्या मुली, सीएएच नावाच्या जन्मजात आजारामुळं, लहानपणी गाड्या आणि ठोकळ्यांकडं जास्त वळतात हे पुन्हा पुन्हा दिसलंय, म्हणजे आवडीनिवडीत हार्मोनचा हात आहेच. त्या मुलींच्या ठोकळे फिरवण्यातल्या हुशारीवर मात्र निकाल एकसारखे येत नाहीत. मला ह्यातून एवढं कळतं की कल थोडा आतून येतो, मग त्या कलाप्रमाणं हातात वस्तू येतात, आणि वस्तू हाताळून डोकं तयार होतं, आणि वयाच्या सोळाव्या वर्षी आपण शेवटचं तेवढं बघून म्हणतो की जन्मतःच तसं होतं.

जी तपासणी आधी व्हायला पाहिजे होती

क्लासला यायला लागली तेव्हा थोरली बोर्डवर डोकं टेकायची. रात्री उशिरा झोपते म्हणून असेल असं वाटलं. एकदा आई न्यायला आली आणि सहज बोलता बोलता म्हणाली की ही डब्यातले कच्चे तांदूळ खाते बघा मॅडम, किती सांगितलं तरी. मला शंका आली कारण कच्चे तांदूळ, खडू, माती खावीशी वाटणं हे लोह कमी असण्याचं जुनं लक्षण आहे. टिळकवाडीत रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.९. ह्या वयाच्या मुलीला १२ तरी पाहिजे.

इथं मला राग आला, कुणा एकावर नाही, पण आला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के ॲनिमिक निघाल्या आणि त्याच वयाच्या मुलांत ३१ टक्के. हा मुलामुलींच्या शरीरात दिसणारा फरक आहे, पाळी हे त्याचं मोठं कारण आणि घरात शेवटी जेवणं हे दुसरं, आणि लोह कमी पडलं की लक्ष टिकत नाही, हात मंदावतो, दमायला होतं, घड्याळ लावलेल्या पेपरात तर हे लगेच दिसतं. सगळं घर तिच्या मेंदूवर चर्चा करत होतं आणि साधं रक्त कुणी तपासलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळीबरोबर लिंबू, आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद. चहा सोडणं तिला गोळीपेक्षा जड गेलं. पण दोन-तीन महिन्यांत फरक पडला, बोर्डवर झोपणं थांबलं.

आणि रात्री उशिरा का झोपायची तर धाकट्याचे जर्नल लिहीत बसायची. त्याचं अक्षर घाणेरडं, इंग्लिश वाचायला वेळ लागतो, सबमिशन आलं की आई म्हणायची, "थोरले, लिहून दे की गं त्याला." म्हणजे बघा, त्याची कमजोरी लिहिण्या-वाचण्यात होती, तिथं घरानं त्याला माणूस दिलं, फुकट, रोज रात्री. तिची कमजोरी ड्रॉइंगमध्ये होती, तिथं तिला कॉलेज सोडायला सांगितलं. वाचण्या-लिहिण्यात मुली पुढं असतात हाही सरासरीचा फरकच आहे, २०१८ च्या पिसा ह्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत भाग घेतलेल्या प्रत्येक देशात वाचनात मुली पुढं होत्या (भारत त्यात नव्हता), आणि वाचनाच्या अडचणी मुलांत जास्त सापडतात. पण मुलाला वाचता येत नाही म्हणून कुणी "मुलांचं डोकं पुस्तकाला चालत नाही, काढा कॉलेजमधून" म्हणालेलं मी ऐकलं नाही. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "हे खरं आहे."

काय केलं

नवीन काहीच शोधलं नाही. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी ह्यांनी १९९३ पासून अगदी ह्याच गोष्टीचा कोर्स चालवला, त्यांना स्वतःला इंजिनिअरिंग शिकताना ग्राफिक्सच जड गेलं होतं. सुरुवातीच्या टेस्टमध्ये नापास होण्याचं प्रमाण मुलींत मुलांच्या तिप्पट होतं, आणि कोर्स केल्यावर मुलंमुली दोघांचे मार्क वाढले, पोरी इंजिनिअरिंगमध्ये टिकायलाही लागल्या. २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यातही हेच की हे कौशल्य सरावानं वाढतं आणि वाढलेलं टिकतं. मुलांचंही वाढतं, त्यामुळं सरासरीतला फरक पूर्ण मिटेलच असं नाही, पण थोरलीला सगळ्या जगातल्या मुलांना गाठायचं नव्हतं, पास होऊन व्हीएमसीवर काम करायचं होतं.

तर आपल्या पश्चिम भागातल्या गावांत रताळी भरपूर, ती आणायची, चौकोनी तासायची, आणि मी सांगेन तसा कट मारायचा. कट मारायच्या आधी कागदावर तीन व्ह्यू काढायचे, मग कापून वस्तू समोर ठेवायची आणि आपलं कुठं चुकलं ते बघायचं. चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी परत काढायचं. थर्माकोल आणि साबणापेक्षा रताळं चांगलं, लिबलिबीत होत नाही आणि धार नीट येते. आधी कटोरीचाच कागद घेऊन डेव्हलपमेंट केलं, तिला ते खेळासारखं गेलं, मग शंकू, मग कापलेला शंकू. तिथं तिला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला येतंय.

सेक्शनल व्ह्यू मात्र अडला होता. आतलं पोकळ कसं दिसतं हे तिला कागदावर समजेना, हॅचिंग, म्हणजे कापलेल्या भागावरच्या तिरप्या रेघा, कुठं मारायचं आणि कुठं सोडायचं ह्यात रोज गोंधळ. आणि तो वडिलांनी सोडवला. फाउंड्रीतला एक जुना मोडका स्प्लिट पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा करतात तो नमुना), लाकडी, मधून दोन भाग होणारा, आणि एक कोअर बॉक्स (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा करायची पेटी) मागून घेऊन आले. पॅटर्न उघडून दाखवला, ही पार्टिंग लाइन, इथं वाळू, इथं कोअर बसतो म्हणून इथं धातू जात नाही, जिथं धातू तिथं तुमच्या रेघा मारायच्या. ते आयुष्यभर उलट्या पोकळीत धातू ओतत आलेत, आतलं बाहेरचं त्यांना वेगळं सांगायला लागत नाही. मी इतकी वर्षं शिकवते पण सेक्शन इतका सरळ मला कधी सांगता आला नव्हता, आता दर बॅचला तो पॅटर्न मी मागून आणते. बापानं लेकीला आपलं काम समजावून सांगायची ही पहिलीच वेळ होती, मुलाला मात्र त्यांनी लहानपणीच फाउंड्री दाखवली होती.

जर्नल लिहिणं बंद करायला सांगितलं, तेवढ्यावरून घरात थोडं वाजलं. आईला वाटलं मी बहीण-भावात भांडण लावते. शेवटी असं ठरलं की धाकट्यानं लिहायचं, अडलं तर थोरलीनं तोंडी सांगायचं, आणि बदल्यात धाकट्यानं रविवारी तिला शॉपमध्ये न्यायचं. काका पहिल्यांदा नको म्हणाले, गडी काय म्हणतील म्हणून. मग वडील बरोबर गेले. तिला व्हर्निअर आणि मायक्रोमीटरचं रीडिंग लगेच जमलं, आणि व्हीएमसीच्या ऑपरेटरचा प्रोग्राम बघून तिनं विचारलं की झेड मायनस म्हणजे खाली ना, मग इथं प्लस का? तिथं ऑपरेटरची चूक नव्हती, टूल वर काढायचा होता, पण काकांनी तो प्रश्न संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांना सांगितला.

थोरली दुसऱ्या प्रयत्नात ड्रॉइंग सुटली. टॉप वगैरे काही नाही, मध्यम मार्क, आयसोमेट्रिकला (तिन्ही बाजू एकत्र दाखवणारं तिरकं चित्र) अजून वेळ लागतो तिला आणि मला वाटतं थोडा लागतच राहील. कमर्शियल प्रॅक्टिसचा विषय बंद झाला. काका अजून म्हणतात की सगळ्या पोरींना जमणार नाही, आमची वेगळी आहे. त्यावर मी वाद घालत नाही पण शॉपमध्ये घ्यायच्या वेळी मुलगा असो मुलगी असो, हातात ड्रॉइंग देऊन बघा एवढं त्यांना सांगितलंय.

धाकट्याचं मात्र अजून लटकलंय. कम्युनिकेशनचा पेपर परत गेला. मराठीतलंसुद्धा एक पान वाचायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, ओळ सुटते, हे मी समोर बसवून बघितलंय, आणि वाचनाची अडचण असेल तर तिची तपासणी होते, परीक्षेत जादा वेळ मागता येतो. घरात हे पटवायला मला थोरलीच्या वेळेपेक्षा जास्त त्रास झाला, कारण मुलगा हुशार आहे, हात चालतो, मग त्याला काय झालंय असं सगळ्यांचं म्हणणं. शेवटी थोरलीनंच लावून धरलं. धारवाडला दाखवायचं ठरलंय, पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय, वडील त्या दिवशी रजा टाकणार आहेत.